खो मिळण्याआधी

नेरला मोटारी दुरुस्त करणारे चाचा आमच्या शाळेच्या खो-खोचे पंच असत. सामन्याआधी ते रांगेत बसलेल्या प्रत्येकाजवळ वाकून बजावत, "पाय चौकोनात घे, बेटा. खो भेटल्याबिगर उठू नको." त्यांच्या शर्टाला ग्रीसचा वास येई.

फुलसावंगीशी अंतिम सामना होता आणि मी आमचा कप्तान होतो. वेळ संपता संपता आमच्या गड्याने झेप घेऊन त्यांचा खेळाडू टिपला. बरोबरी झाली म्हणून गाव नाचत मैदानात घुसलं. चाचांनी मात्र हात आडवा हलवला.

"बाद नाही."

चाचा ज्यांच्या गॅरेजात कामाला होते ते मालकच ओरडले, "काहून नाही? आपल्याच पोरायले हरवता काय?"

"खो भेटाच्या आधी उठला तो. मी पाह्यलं ना, शेटजी."

कोणी शिव्या दिल्या, कोणी शर्ट ओढला. चाचा रेषेवरून हलले नाहीत. आम्ही एका गुणाने हरलो.

हात मिळवताना फुलसावंगीच्या कप्तानाने हळूच विचारलं, "हे पंच कुठचे हायेत? यवतमाळहून बोलावले काय?"

माझे डोळे अजून ओले होते, पण मान आपोआप ताठ झाली.

"नाही," मी म्हणालो, "आमच्या नेरचेच हायेत."