दहाव्याला हजर

गावात कुणी मेलं की रावजीला तरतरी यायची. ऐकायला वाईट लागतं, पण त्याच्या बायकोनं, मैनानं, हे इतकी वर्षं डोळ्यांनी बघितलं होतं.

चांदवडच्या पलीकडच्या त्यांच्या गावात माणूस गेला की दहाव्याला पंचक्रोशी जमते. महाराजांचं प्रवचन होतं. मग पुढारी उठतात आणि ज्याला जिवंतपणी कधी रामराम घातला नाही त्याच्यावर माइक धरून बोलत बसतात. रावजी असला आगाऊपणा करायचा नाही. पांढरा सदरा घालून तो शेवटच्या रांगेत बसायचा. सगळं आटोपलं की थोरल्या मुलाचा हात दोन्ही हातांत धरायचा, मान खाली घालायचा आणि न बोलता निघायचा. त्याला सरपंच व्हायचं होतं. लोक भाषणं विसरतात, धरलेला हात विसरत नाहीत, हे त्यानं ऐन तरुणपणीच ताडलं होतं. तेव्हापासून तो धीरानं हात धरत आला होता.

"रावजी म्हणजे देवमाणूस," लोक म्हणायचे. देवमाणूस घरी येऊन अंघोळ करायचा आणि जेवताना म्हणायचा, "थोरला आपला झाला. धाकटा अजून तिकडचाच हाय. पण त्यांची आजी लय थकलीय. बघू."

मैना तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा न घेणारी बाई. आधी तिला नवऱ्याची लाज वाटायची. किळस यायला लागली ती तिची आई गेली तेव्हापासून.

आईचा दहावा सायखेड्याला, गोदावरीच्या काठी होता. नेमका त्याच सकाळी गावातल्या मोठ्या भावकीतही एक दहावा होता. रावजीनं सदरा चढवला. "तू हो पुढं. तुझी आई माझ्यावर रुसायची नाय. ही माणसं रुसतील."

घाटावर भावानं विचारलं, "दाजी कुठं गं, ताई?"

"ताप आलाय त्यांना," मैना म्हणाली. आईच्या पिंडासमोर उभं राहून ती असल्या माणसासाठी खोटं बोलली. तेवढं तिनं मनात ठेवलं.

यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. दुसरा डोकं धरून बसला असता. रावजी गालात हसला. बायको घरचीच होती, तिला विचारायचं कशाला? बाकीच्यांनी पहिल्याच दिवशी वाजतगाजत अर्ज भरले. "भरू दे गाढवांना," तो म्हणाला. "आपला शेवटच्या दिवशी. चाहूलसुद्धा लागायला नको."

शेवटच्या दिवशी सकाळी त्यानं दारात गाडी आणली. मैना हातात झाकलेला डबा घेऊन पायऱ्या उतरत होती.

"बस लवकर. तहसीलला जाऊन सही करायची."

"मला जमायचं नाय. दहाव्याला चालले."

रावजी चमकला. गावातलं मरण त्याच्या हातून कधी निसटलं नव्हतं. "कुणाच्या?"

"धोंडाबाईच्या मालकाच्या."

"कोण धोंडाबाई?"

"कांद्याच्या चाळीमागं राहते ती. नांदगावाकडून मजुरीला आलेली."

"त्यांचं मत तरी हाय का इथं?"

"नाय ना. म्हणून तर तुम्हाला कळलं नाय."

"बरं, दुपारपर्यंत ये मग."

"नाशिकला रामकुंडावर हाय दहावा. टेम्पो सांजच्यालाच परतायचा. तिच्याजवळ बसायला एक बाई नाय, अहो."

"मैने, दुपारनंतर अर्ज घेत नाहीत! माझा जन्म गेला यात."

"तुमचा कुठं गेला? मेले ते लोक."

ती चालायला लागली. रावजी मागोमाग धावला, पण तिला हाक मारीना की हात धरून ओढीना. समोर पारावर माणसं बसली होती. इतक्या वर्षांत त्याचा चढलेला आवाज गावानं ऐकला नव्हता, आणि दहाव्याला निघालेल्या बायकोला आडवा जाणारा रावजी तर कुणी स्वप्नातही बघितला नसता. मैनाला ते चांगलं ठाऊक होतं. ती टेम्पोत चढली, धोंडाबाईला खेटून बसली आणि तिनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

टेम्पो धूळ उडवत निघून गेला. पारावरच्या एकानं रावजीचा पांढरा सदरा बघितला आणि आवाज खाली आणून विचारलं, "आज कुणाचा, रावजीभाऊ?"

रावजीनं सवयीनं मान खाली घातली.