पूर्णेच्या काठी पिसांची माशी

ललिता तायडे एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाली आणि तिच्या घशाला आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी मिळाली. अचलपूरच्या घरात सकाळी उठून ‘पुढे सरका, पुढे जागा आहे’ असं म्हणायचं तरी कोणाला? नवरा वामनराव तेवढे होते, आणि ते पलंगावरून सरकत नव्हते.

लेक पौर्णिमा हिमाचलात बँकेत नोकरीला. तिनं आईला हवापालटाला नेलं. तिथं एका थंडगार नदीत एक म्हातारा मांडीभर पाण्यात उभा राहून लांबलचक दोरी हवेत नाचवत होता. दोरीच्या टोकाला ना गांडूळ, ना कणकेची गोळी. गळावर बांधलेली नुसती पिसांची खोटी माशी. ती पाण्यावर अलगद टेकली आणि एका ट्राउट माशानं झडप घातली.

“म्हंजे हा मासा नुसत्या नखऱ्यावर फसते?” ललितानं विचारलं. परतीच्या गाडीत तिच्या सामानात तसलीच काठी होती.

माशी बांधायचं काम मात्र घरीच करावं लागलं. पिसं शेजारच्या कोंबड्याची, आणि जरीचा धागा समोरच्या सुरैय्या शिलाईवालीचा.

“ताई, गळा केवढा ठेवू?” सुरैय्यानं सवयीनं विचारलं.

“गळा नाही वं, गळ! मासा धराले माशी बनवून राहिली मी.”

सुरैय्यानं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “या अल्ला! रिटायर होऊन लोक हजला जातात, तीर्थाला जातात. तुमी मच्छीले कपडे शिवून राहिल्या.”

हिवाळ्यात ललिता एसटीनं आसेगावला उतरून पूर्णेवर जाऊ लागली. पाणी नितळ होतं, त्यामुळे तिला मासे दिसायचे आणि माशांना ती. काठावरची गडीमाणसं गांडूळ लावून गुमान बसायची, आणि ही बाई आपली हवेत दोरी फिरवत उभी. एकदा तिनं दोरी मागे झोकली ती पुढे आलीच नाही. मागं वळून पाहते तो गळ एका म्हशीच्या शेपटीच्या गोंड्यात, आणि म्हैस दोरीसकट गावाच्या वाटेला लागलेली.

“थांबवा! थांबवा!” ललितानं तिच्या ठेवणीतल्या आवाजात हाळी दिली. त्या आवाजानं एकेकाळी रस्त्यावरचे ट्रक थांबत. म्हैस थांबली नाही.

“ओ बाई, माह्या म्हशीले काहून धरून राहिल्या?” मालकीण इंदूबाई पदर खोचून धावत आली. दोघींनी मिळून शेपूट सोडवलं. मग इंदूबाईनं चहा पाजला, आणि पोटभर हसून घेतलं. त्या दिवसापासून म्हैस चरायला सोडली की इंदूबाई ललिताशेजारी येऊन बसू लागली.

उन्हाळ्यात नदी आटून डोहांपुरती उरली. ललिता आता झाडाच्या सावलीत वाकून उभी राहायला शिकली होती. तिला मासा लागला, पण बोटाएवढा. तो ताटात पाहून वामनराव म्हणाले, “हा तर मसाल्यात सापडणार नाही. शोधाले कंदील लागंल.”

पावसाळ्यात पाणी गढूळलं. मग मध्ये आठवडाभर उघडीप पडली आणि काठच्या लव्हाळ्यापाशी साचलेलं पाणी निवळलं. ललितानं तिथं माशी टेकवली. पाणी फाटलं, काठी कमानीसारखी वाकली.

“मरळ! मरळ हाये!” इंदूबाई ओरडली आणि तिनं लगोलग फोन लावला. “वामनभाऊ, मसाला वाटाले घ्या! हाताएवढी लागली!”

ललिता चिखलात गुडघ्यापर्यंत रुतली, एक चप्पल गेली, पण मरळ उथळ पाण्यात आली. काळी, जाडजूड, रागानं धडका मारणारी. तिला उचलायला ललिता वाकली आणि तिची नजर लव्हाळ्यात गेली. पाण्यावर तांबूस पिल्लांचा एक थवा उकळल्यासारखा खालीवर होत होता. एक बगळा मान पुढे काढून हळूच तिकडे निघालेला.

“पिल्लं हायेत तिची,” इंदूबाई हळूच म्हणाली.

म्हणजे ही भुकेनं आलीच नव्हती. दारात घुसलेल्याला हाकलायला आली होती. ललितानं बगळ्यावर उरलेली चप्पल भिरकावली, गळ काढला आणि हात पाण्यात मोकळे केले. मरळ सरळ पिल्लांखाली जाऊन उभी राहिली.

ती अनवाणी घरी पोचली तेव्हा मसाल्याचा वास गल्लीपर्यंत आला होता. वामनरावांनी सुरैय्यालाही जेवायला बोलावलं होतं.

“मासा कुठी हाये?”

“सोडला.”

“सोडला? हातातला?”

“लेकरं होते तिचे. तुमी असते तं काय केलं असतं?”

वामनराव आत गेले आणि त्यांनी रश्श्यात अंडी सोडली. सुरैय्या हसून हसून जेवली. हात धुताना वामनरावांनी आवाज उतरवून विचारलं, “किती हुईन गं पिल्लं?”

“मोजले नाही बा. शेकड्यानं असतीन.”

“बगळा पुन्हा आला तं?”

पुढच्या रविवारी ते स्वतःच पलंगावरून उठून एसटीत बसले. बाभळीखाली छत्री उघडून दिवसभर बगळ्यांवर खडे मारत होते. मासा एकही लागला नाही. ललितानं त्याचं खापर त्यांच्या खोकल्यावर फोडलं, आणि त्यांनी तिच्या माशीवर.