डावी आहे ना?

गोगलगाईंसारख्या संथ प्राण्यांच्या लॅबमध्ये कसले किस्से घडणार, असं लोकांना वाटतं. अहो, आमच्या भंडाऱ्याच्या लॅबमध्ये नुसत्या भीतीचेच इतके किस्से साठलेत की ते थीसिसपेक्षा जाड होतील!

भीती डावीची. आमच्या तळ्यांतल्या गोगलगाईंचे शंख उजवीकडे वळतात. ही एकटीच डावीकडे वळलेली. पिल्लाचा शंख कुठे वळणार हे आईवरून ठरतं. म्हणजे डावीनं अंडी घातली तर माझी पीएचडी, नाहीतर चार वर्षं पाण्यात. आमचे सर रोज दारातूनच विचारतात, "डावी आहे ना?" मी "आहे" म्हणेपर्यंत माझाच जीव जाग्यावर नसतो.

*

ती सापडली एकोडीच्या तळ्यात, माझा लॅबमधला जोडीदार प्रशांत याच्या गावी. आम्ही गुडघाभर पाण्यात वेचत होतो. काठावरून त्याची मोठीमाय ओरडली, "काहून वेचून राहिला रे? भाजी करतो का?"

"नाही वं मोठीमाय, पीएचडी करून राहिलो."

"मंग भाजीच कर. थे तरी लवकर होते!"

*

मे महिन्यात कूलर बंद पडला. सरांनी आमचे रुमाल, ओढण्या ओल्या करून डावीच्या टाकीभोवती गुंडाळायला लावल्या. प्रशांत घामानं निथळत म्हणाला, "सर, आमाले बी गरम होऊन राहिलं."

सर म्हणाले, "तू डावा आहेस का?"

*

गोगलगाईला तांबं म्हणजे विष. आणि भंडारा पडलं भांड्यांचं गाव, घरोघरी तांब्याचा तांब्या! म्हणून सरांनी दारावर स्वतःच्या हातानं लिहिलंय, "तांबं बाहेर ठेवा." प्रशांत आईनं दिलेली तांब्याची अंगठी घालून आला, तर सर कडाडले, "काढ ती! तुझे ग्रह नंतर बघू, आधी माझी डावी!" बिचाऱ्यानं त्यानंतर बोटात काही घातलं नाही.

*

आणि परवाची सकाळ. डावी टाकीच्या तळाशी, पाय शंखाबाहेर लोंबतोय, हालचाल नाही. आदल्या दिवशी कमी झालेलं पाणी आता काठोकाठ भरलेलं. आम्ही तिला तळ्याच्या ताज्या पाण्याच्या वाटीत हलवलं. तेवढ्यात सरांची चप्पल वाजली.

"डावी आहे ना? काल जाताना पाणी कमी दिसलं, मीच माझ्या बाटलीतलं ओतलं."

बाटली टाकीशेजारीच राहिली होती. मुलीनं वाढदिवसाला दिलेली, लखलखीत, तांब्याची.

आम्ही बाटलीकडे बघितलं. सरांनीही बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. एरवी पुस्तकातल्यासारखे बोलणारे सर पुटपुटले, "बापा! म्या हे काय करून बसलो!" बाटली उचलून ते बाहेर गेले, आणि परत आत यायची त्यांची हिंमतच होईना. दाराबाहेरूनच आवाज आला, "हाय का थे?"

वाटीत एक शिंग हळूच बाहेर आलं. मग दुसरं. मी "आहे सर!" म्हणायला तोंड उघडलं, तर प्रशांतनं माझा हात दाबला.

"थांब ना जराशी," तो कुजबुजला. "आज त्यायले भेऊ दे!"