रेघेच्या जागी एक

भोरमध्ये घरी बसून मी एका कंपनीसाठी गोल्फची कार्डं संगणकावर उतरवायचे. गोल्फ मी स्वतः कधी पाहिलाही नव्हता. खेळाडू हातानं कार्ड भरत, त्यांचे फोटो मला येत. भोकाजवळच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरून चेंडू आत ढकलायला जे हलके टोले लागतात, त्यांना पट म्हणतात. किती भोकं एका पटात झाली, किती दोन पटांत, किती तीन पटांत, एवढं मी मोजायचे. भोकं अठरा, म्हणजे बेरीजही अठराच यायला हवी.

कधी कधी ती सतरा यायची. एखाद्या भोकाच्या चौकटीत आकड्याऐवजी नुसती रेघ असे. लिहायला विसरला असेल, असं धरून मी तिथं एक टाकायचे. एकही पट न मारता चेंडू आत जाईलच कसा? मी संख्याशास्त्राची पदवीधर. कुणाला विचारावंसं मला वाटलंच नाही. पुण्याचे साहेब फोनवर म्हणायचे, "तुमचा तक्ता कधी चुकत नाही बघा."

एकदा पासलीहून मामा आले, तांदळाची पिशवी घेऊन. निवृत्तीपर्यंत त्यांनी पुण्याकडच्या एका गोल्फ मैदानावर गवत कापलं होतं. चहाचा कप घेऊन ते माझ्या मागं उभे राहिले.

"हितं एक का लिवलंस? कार्डावर तर रेघ हाय."

"विसरलाय तो, मामा."

"न्हाई गं पोरी. हिरवळीच्या बाहेरनंच मारला आसंल, आन् थेट आत गेला. मग पट कुठला? एकबी न्हाई."

"असं होतं?"

"व्हय तर! म्या लई डाव बघितलंय. समदी टाळ्या वाजवत्यात."

त्या कार्डाखाली खेळाडूनं स्वतः सगळ्या पटांची बेरीज लिहिली होती, सत्तावीस. आठ भोकं एका पटात, आठ दोन पटांत, एक तीन पटांत. सत्तावीसच होतात. मी तक्त्यात अठ्ठावीस घातले होते, आणि वर मनात हसलेही होते की एवढ्या शिकलेल्या माणसाला साधी बेरीज येत नाही. असं मी चार महिने करत होते. तक्ते जुळत होते, कारण ते मीच जुळवत होते.

"काय झालं गं? तोंड का उतरलं?" मामांनी विचारलं. मी आधीची कार्डं उघडायला लागले.

त्याच दुपारी साहेबांना फोन करून सगळं सांगितलं.

"चार महिने?"

"हो सर."

"आणि मीही कधी मूळ कार्ड उघडून पाहिलं नाही," ते हळूच म्हणाले.

फोटो जपून ठेवलेले होते, एवढंच नशीब. तीन आठवडे बसून मी प्रत्येक कार्ड पुन्हा उतरवलं. त्याचे पैसे मागितले नाहीत. पन्नासएक रेघा सापडल्या. एका कार्डावर रेघेशेजारी पेन्सिलनं छोटासा चेंडू काढला होता, आनंदानं. तिथंही मी एक टाकला होता.