बादलीला लावलेला कान

पामर्स्टन नॉर्थच्या त्या होमब्रूच्या, म्हणजे घरी बिअर करायचं सामान विकणाऱ्या, दुकानातल्या म्हाताऱ्याचं नाव मी कधी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा घरी बिअर लावली होती, आणि तीन दिवस झाले तरी झाकणावरच्या नळीत आंबण्याचा एकही बुडबुडा येईना. थंडीत इडलीचं पीठ आम्ही गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवतो, तशी बादली एक रात्र तिथेही ठेवून पाहिली. बायको म्हणाली, "मेलं असेल यीस्ट, ओतून टाक." ओतवेना. या देशात येऊन हाताने केलेली ती माझी पहिली गोष्ट होती. शेवटी तेवीस लिटरची बादली सीटबेल्ट लावून दुकानात नेली.

म्हातारा जँडल्स, म्हणजे रबरी चपला, ओढत आला. कानातलं मशीन काढून त्याने काउंटरवर ठेवलं, बादलीला कान लावला आणि डोळे मिटले. इतका वेळ, की मला वाटलं, त्याला झोप लागली.

मग मशीन परत घालत त्याने विचारलं, "झाकण किती वेळा उघडलंस?"

"सात-आठ वेळा."

"झाकण नीट बसलेलं नाही, हवा तिथून निसटतेय. यीस्ट जिवंत आहे. तुझं काम झालंय, आता त्याला त्याचं करू दे."

परतताना मनात आलं, मशीन काढल्यावर त्याला ऐकू काय आलं असेल?

घरी गारठलेल्या गॅरेजमध्ये मीही बादलीला कान लावला. आवाज काहीच नव्हता. गालाला मात्र ऊब लागत होती, झोपलेल्या बाळाच्या पाठीसारखी.

"काय ऐकतोयस?" बायकोने दारातून विचारलं.

मी तिला हळू बोलायची खूण केली.