तिसऱ्यांदा कापलेला माउथगार्ड

मावशीचा पारा चढला होता, आणि का चढू नये? भाचीने माउथगार्ड पुन्हा कापून ठेवला होता. हा तिसरा! उजवीकडचं मागचं टोक कात्रीने कराकरा कापलेलं, उंदराने कुरतडल्यासारखं.

मावशी दातांच्या लॅबमध्ये कामाला. डॉक्टरांकडून दातांचं माप, म्हणजे पेस्टमध्ये उमटलेला ठसा यायचा, ती त्यात प्लास्टर ओतून साचा काढायची आणि कवळी असो की कॅप, पुढचं सगळं त्या साच्यावर. पेशंटचं तोंड बघायची वेळ कधी यायचीच नाही. "माझे पेशंट तोंड उघडत नाहीत, म्हणून माझं बरं चाललंय," असं ती हसून सांगायची.

भाची हॉकी खेळायची. तेरावं लागलेलं, अंगात नुसतं वारं. मागच्या हंगामात तिच्या मैत्रिणीचे पुढचे दोन दात स्टिकच्या एका फटक्यात गेले आणि मावशीने धसकाच घेतला. दुकानातले गरम पाण्यात बुडवून चावायचे गार्ड तिला पटेनात. चावताना ते नको तिथे पातळ होतात. मग तिने भाचीचं माप घ्यायला लावलं आणि स्वतः गार्ड केला. पुढे जाड, टाळूकडे पातळ, मागे थेट शेवटच्या दाढेपर्यंत. आणि ही बया तो कापते!

"मागचा भाग काय शोभेला आहे का गं? हनुवटीवर फटका बसला की खालचा जबडा वर आपटतो. दोन्हीकडे सारखी गादी असली तर मार वाटला जातो. तू एका बाजूची उडवलीस. आता सगळा मार कानापाशी, जबड्याच्या सांध्यावर!"

"टोचतं गं."

"नखरे नुसते! साच्यावर बघ कसा चपखल बसलाय."

"मग उद्या साच्यालाच पाठव खेळायला."

उद्या निवडीचा सामना होता. गार्डशिवाय कोच मैदानात घेणार नव्हते, आणि कापलेला घातला तर त्यांना कळणारही नव्हतं. पण मावशीने ठणकावलं, "मीच सांगते त्यांना. जबडा मोडून घेण्यापेक्षा घरी बस." पोरीचे डोळे भरून आले. मावशीला आणखीच राग आला, कारण आता वाईटही वाटायला लागलं होतं.

तशीच तिला हाताला धरून लॅबमध्ये नेलं. प्लास्टिकची शीट तापवली, साच्यावर ओढून बसवली, गार झाल्यावर कडा घासल्या. चौथा गार्ड. "आ कर. आज मीच बसवते, बघू कसा टोचतो तो." तिने तो दाबून बसवला आणि भाची अशी किंचाळली की शेजारच्या टेबलावरचा कारागीर उठून उभा राहिला.

मावशीने गार्ड काढला, बोटाने गाल बाजूला ओढला आणि दिवा जवळ घेतला. शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ अर्धी वर आलेली. भोवतीची हिरडी लालबुंद, गार्डची कड बरोबर तिच्यावर. साच्यावर तिथे काहीच नव्हतं. साचा गेल्या हंगामातला. पोर वाढत होती, प्लास्टर कुठून वाढणार?

"अगं, दाखवलं का नाहीस?"

"तू बघितलंस कुठे? मी टोचतं म्हटलं की तू साचा काढून बसायचीस."

इतके दिवस ज्या पोरीवर आगपाखड केली, ती खरं बोलत होती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं तिला.

खालच्या मजल्यावर डॉक्टरांचा दवाखाना होता. नवं माप घ्यायला त्यांनी पेस्ट भरलेला ट्रे भाचीच्या तोंडात बसवला. "हलू नकोस, बोलू नकोस," एवढं सांगून ते हात धुवायला गेले. मावशी खुर्चीशेजारी उभी राहिली. समोरून उत्तर येणार नाही, हे बघूनच तिला धीर आला असावा.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "टोचत असताना घालायला लावलं तुला."

भाचीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उलटी दाबल्यामुळे की कशामुळे, कोण जाणे. पेस्ट घट्ट झाली, ट्रे निघाला, पोरीने दोनदा चूळ भरली.

"म्हणजे उद्या खेळायचं?"

"नवा गार्ड घालून. रात्रीत करून देते."

"आणि तोही टोचला तर?"

"तर सांग मला."

"तू नखरे म्हणशील."

"म्हटलं," मावशी म्हणाली, "तर माझं बोट चाव. पण गार्ड कापू नकोस, बाई."