शेवटचा फर्मा

"गो सुमन, हेची शेवटची पानां खंय गेली?"

वामनकाकांनी कादंबरी काउंटरवर उघडी करून ठेवली. वाक्य मध्येच तुटलेलं. त्यापुढे थेट पुठ्ठा.

मालवणच्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. असं का होतं ते सांगते. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या जुड्या एकत्र शिवून बांधलेलं असतं. त्या एका जुडीला फर्मा म्हणतात. शिवण सैल झाली की पहिला नाहीतर शेवटचा फर्मा सुटतो आणि कुणाच्या तरी पिशवीत राहून जातो.

एरवी काकांनी मला चार शब्द सुनावले असते. त्या दिवशी ते तुटलेल्या वाक्यावर बोट ठेवून उभे राहिले.

काका मालवाहू जहाजांवर इंजिन रूममध्ये होते. वर्षातले बरेच महिने समुद्रावर. निवृत्त झाल्यापासून ते कादंबऱ्या आणि आत्मचरित्रं घरी न्यायचे. दुपारी मोठ्यानं वाचायचे, इंदूकाकी ऐकायच्या. परत देताना अभिप्राय ठरलेला: बरां आसा, पण. एका कप्तानाच्या आठवणी वाचल्या, तर वादळ झकास, पण डिझेलचा वास कुठेच नाही. एका मोठ्या साहेबाचं आत्मचरित्र, तर माणूस प्रामाणिक, पण बायको लग्नाच्या पानावर येते ती परत दिसत नाही. हे दुसरं मत काकींचं होतं, ते मला फार उशिरा कळलं.

यंदा काकींचा आजार बळावला. गोव्याच्या हॉस्पिटलातून डॉक्टरांनी त्यांना घरी न्यायला सांगितलं. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. ही कादंबरी काकींनीच मागवली होती. खाडीकाठच्या एका बाईचा नवरा जहाजावर जातो, त्याची पत्रं यायची बंद होतात, ती वाट बघते.

"तिका शेवट ऐकूचो आसा," काका म्हणाले. "आता दिवस थोडे रवले."

मी आमच्या कार्यवाहांकडे गेले.

"प्रत अपुरी आहे ना? निर्लेखनात टाका," ते म्हणाले. निर्लेखन म्हणजे खराब पुस्तक नोंदीतून कायमचं कमी करणं.

"टाकते सर. पण आधी शेवट मिळवायचाय."

"नवी प्रत घ्या."

"छापत नाहीत आता."

मग मी त्यांना कारण सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, "देवगडला फोन करून बघा. माझं नाव सांगा."

देवगडच्या वाचनालयात प्रत होती, पण ती एका सभासदाच्या घरी. तिथल्या ग्रंथपाल बाई स्वतः त्या घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या पानांचे फोटो त्यांनी मला मोबाइलवर पाठवले. मी प्रिंट काढल्या, रिक्षा केली आणि निघाले.

काका पडवीतच भेटले. खालच्या आवाजात बोलू लागले. काल काकींनी हट्टच धरला. तेव्हा त्यांनी पुस्तक डोळ्यांपुढे धरून, वाचल्यासारखं करत, शेवट मनानंच सांगितला. नवरा परत येतो, ट्रंक दारापुढच्या खळ्यात ठेवतो आणि पाणी मागतो. पुस्तकात खरं काय होतं, ते त्यांना माझ्याकडून ऐकायचं होतं.

मी ते रिक्षात वाचलं होतं. नवरा येत नाही. बाई घराला कुलूप लावते आणि भावाकडे जाते.

काकांनी कागदांची घडी घालून खिशात ठेवली. "ऱ्हवांदे गो," म्हणाले.

आतून काकींनी मला हाक मारली. आवाज अगदी बारीक झाला होता. पलंगाजवळ बसले तर त्यांनी पहिलं हेच विचारलं, पानं मिळाली का. मी काकांकडे बघितलं.

"तेंका काय बघतंस?" काकी म्हणाल्या. "पानां नाय तां माका कळलां. कालचो शेवट ह्येंचोच. लिवणारो इतको भोळो नाय."

काकांनी मान खाली घातली. मग खिशातले कागद काढून माझ्या हातात दिले. त्यांना स्वतःला ते वाचणं जमलं नसतं. मी वाचायला लागले. काकींचे डोळे मिटले की मी थांबायचे. त्या बोटानं खूण करायच्या, पुढे वाच.

वाचून झाल्यावर मी कागदांची घडी घातली.

"लिवल्यान तां खरां आसा," काकी म्हणाल्या. "मीय अशीच वाट बघलंय. पण माका ह्येंचो शेवट आवडलो."

काका उठून मागच्या दारी गेले. ते लवकर आत आले नाहीत.

त्याच आठवड्यात काकी गेल्या.

दिवसकार्य उरकल्यावर काकांनी कादंबरी स्वतः आणून दिली. प्रिंट आत नीट घातलेल्या होत्या. अभिप्राय त्यांनी दिला नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. कार्यवाहांनी निर्लेखनाचा विषय पुन्हा काढला नाही. मी प्रिंटसकट पुस्तक नव्यानं बांधून घेतलं.

काका अजून रोज सकाळी येतात, पेपर चाळतात आणि जातात. एकदा मी एक नवं आत्मचरित्र त्यांच्यापुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत दिलं.

"मोठ्यान वाचूची सवय गो," म्हणाले. "मनातल्या मनात वाचूक जमणा नाय."

काउंटरवर नवीन कुणी कामाला आलं की मी एकच गोष्ट शिकवते. जुनं पुस्तक देताना आधी शेवटचं पान बघायचं, मग तारखेचा शिक्का मारायचा.